शॅम्पू-कंडिशनर लावूनही केस राठच राहतात, काय चुकतंय?

घरी बोअरचं पाणी आहे आणि कधी शॅम्पू, कधी अंगाचा साबण वापरता असं लिहिलंय, तर आधी तो साबण बंद करा. बोअरचं पाणी बहुतेकदा जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं; त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो आणि केसांवर बसतो. केस धुऊनही चिकट लागतात ते यामुळेच. शॅम्पूचा असा साका होत नाही.

शॅम्पू टाळूसाठी असतो. तळहातावर पाण्यात कालवून बोटांच्या पेरांनी मुळाशी चोळा, नखांनी नको. केसांच्या लांबीला खाली ओघळणारा फेस पुरतो. तेल लावलं असेल तर पहिल्यांदा फेसच येत नाही. अशा वेळी शॅम्पू वाढवू नका, धुऊन पुन्हा थोडा लावा.

आता कंडिशनर. बहुतेक जण इथेच घाई करतात. निथळत्या केसांना लावलं तर ते पाण्याबरोबर वाहून जातं, म्हणून आधी केस हाताने पिळून घ्या. मग कानांच्या खालून टोकांपर्यंत लावा, टाळूला नको. ओल्या केसांवर ऋण विद्युतभार असतो, कंडिशनरमधल्या घटकांवर धन विद्युतभार, आणि विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, त्यामुळे ते केसाला धरून राहतात. झिजलेल्या टोकांना हा थर सगळ्यात जास्त लागतो. दोन-तीन मिनिटं ठेवा, तेवढ्यात मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता सोडवा आणि नीट धुवा.

आणि कृपा करून ओले केस पंचाने झटकू नका. ओला केस लवकर तुटतो, नुसता टिपून घ्या.