कॉन्टेसाच्या डॅशबोर्डला गेलेले तडे

प्रश्न : वडिलांची १९९१ सालची कॉन्टेसा क्लासिक माझ्याकडे आहे. इंजिन उत्तम आहे, पण डॅशबोर्डच्या वरच्या काळ्या रेक्झिनला काचेच्या बाजूने लांब तडे गेलेत आणि आतला पिवळा फोम दिसतो. एकजण म्हणतो एम-सील भरून काळा रंग मार, दुसरा म्हणतो नवीन रेक्झिन चढव. गाडी अंगणात उन्हातच उभी असते. काय करावं?
– द. कु., अकोला

उत्तर : एम-सील अजिबात भरू नका. ते दगडासारखं कडक होतं. डॅशबोर्डचं रेक्झिन मात्र दुपारी फुगतं, रात्री आकसतं. त्या ओढाताणीत भरलेल्या जागेच्या शेजारीच नवा तडा जातो. असे डॅशबोर्ड आमच्या दुकानात नेहमी येतात, आणि आधीचं एम-सील खरवडून काढण्यातच निम्मं काम जातं.

तडे का जातात, ते आधी सांगतो. हे रेक्झिन म्हणजे विनाइल, म्हणजेच पीव्हीसी प्लास्टिक, मुळात कडकच. त्याला मऊ ठेवायला कारखान्यात तेलकट प्लास्टिसायझर मिसळतात. बंद गाडी उन्हात राहिली की डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास तापतो आणि ते तेल हळूहळू उडून जातं. समोरच्या काचेवर आतून जो चिकट धुरकट थर बसतो, त्यात तेच असतं. तेल गेलं की रेक्झिन आकसतं आणि सगळ्यात ताणलेल्या जागी फाटतं : काचेकडे हवा सोडणाऱ्या जाळ्यांचे कोपरे, स्क्रूची भोकं, मीटरवरचा उंचवटा.

एखाद-दुसरा बोटभर तडा असता, तर बंपरला वापरतात ती लवचिक लांबी (पुट्टी) भरून, घासून, विनाइलचा रंग मारा म्हटलं असतं. तुमच्याकडे लांब तडे, अकोल्याचा मे महिना आणि गाडी उघड्यावर. नवीन रेक्झिनच चढवा.

मात्र डॅशबोर्ड गाडीतून बाहेर काढूनच. जागेवर चिकटवलेलं रेक्झिन काचेच्या कडेला आत दुमडता येत नाही आणि पहिलं तिथूनच सुटतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, फोटो घ्या, प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नाव लिहा. मीटर ओढण्याआधी मागची स्पीडोमीटरची केबल सोडवा.

खरं कसब तड्याच्या कडांत आहे. त्या भाकरीच्या पापुद्र्यासारख्या वर वळलेल्या असतात. नुसत्या घासल्या तर नव्या रेक्झिनखाली रेघ उमटतेच. धारदार कटरने दोन्ही कडा तिरक्या कापा, फुगलेला फोमही थोडा खाली उतरवा, मगच लवचिक लांबी भरा. घासायला ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग १८०, शेवटी ३२०. डोळ्यांवर विसंबू नका. डोळे मिटून तळहात फिरवा, उंचसखलपणा हाताला आधी कळतो.

त्याआधी साबणाच्या पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळं पुसून घ्या. वर्षानुवर्षं मारलेल्या चकचकीत पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलं, तर ना लांबी धरते ना गोंद.

रेक्झिन दोन्ही बाजूंना ताणलं जाणारं घ्या आणि काळं मॅटच घ्या. चकाकतं किंवा फिकट घेतलंत तर दुपारी काचेत त्याचं प्रतिबिंब पडून रस्ता दिसत नाही. हौसेपेक्षा हे महत्त्वाचं. गोंद उष्णता सोसणारा हवा. साधा गोंद उन्हात मऊ पडतो आणि मीटरभोवतीच्या खोलगट जागी रेक्झिन तंबूसारखं उचलतं. कारागिराला काम देण्याआधी गोंद कोणता, हे विचाराच. गोंद रेक्झिनच्या पाठीला आणि डॅशबोर्डला, दोन्हीकडे लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की खोलगट भागापासून सुरुवात करून कडांकडे जायचं, हीटगनने जपून ताणत.

हे काम होईपर्यंत डॅशबोर्ड उन्हापासून जपायला फेल्टचा सैल मॅट वेल्क्रोने बसवा, चिकटवू नका. (नव्या गाडीवाल्या वाचकांसाठी : शेजारच्या सीटसमोर एअरबॅग असेल तर त्यावर रेक्झिन, मॅट, काहीही घालू नका.) नंतर पार्किंगमध्ये काचेला आतून चंदेरी पडदा लावत चला.

डॅशबोर्ड बाहेर आहे तोवर मीटरचे सगळे बल्ब नवे घाला आणि काचेकडे हवा नेणारे पाइप तपासा. पावसाळ्यात काचेवर धुकं धरतं ते बरेचदा तिथलाच जोड निसटल्यामुळे.