बाई, एक विचारू? : बोंडअळी, दशावतार आणि मोबाइलमधला महाराज

गेल्या अंकात मी लिहिलं की माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एकच, आणि टपाल वाढलं. नुसत्या शिव्यांची पत्रं बाजूला ठेवली आहेत, त्यांत प्रश्न नव्हता. उरलेल्यांतली काही घेते.

बाई, तुम्ही म्हणायलात जीव बदलत गेले. कुणी बघितलंय का बदलताना? माझ्या आज्याच्या आज्यानंबी माकडाचा माणूस झालेला बघितला नाही. आमच्या सप्त्यात महाराज म्हणाले, हे खूळ इंग्रजांनी आपला धर्म बुडवायला आणलंय. — एक कापूसवाला शेतकरी, मानवत तालुका

दादा, तुमचाच मुद्दा जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत एका वैदिक संमेलनाच्या वेळी तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी मांडला होता. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी ना लिहून ठेवलं, ना सांगितलं, म्हणून डार्विनची उत्क्रांती, म्हणजे जीव पिढ्यान्पिढ्या बदलत गेले हा सिद्धांत, चूक. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून पत्रक काढून विरोध केला. मला वाटलं, पत्रक कशाला, साहेबांना मानवत-पाथरीकडच्या रानात न्या.

२०१७ चा हंगाम आठवा. फूल उघडेना, पाकळ्या एकमेकींत अडकलेल्या. डोमकळ्याच डोमकळ्या. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि पिवळा पडून सरकीला चिकटलेला कापूस. वेचायला बायका येईनात, कारण दिवसभर कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचून किलो भरत नव्हते.

आता मागे चला. बीटी कापूस आला २००२ मध्ये. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात घातलं, त्यामुळे झाडच अळीला मारणारं प्रथिन तयार करू लागलं. २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. सुरुवातीला अळी मरायची, फवारण्या कमी झाल्या. पण लाखो अळ्यांत एखादी जन्मतःच अशी असते की ते विष तिला बाधत नाही. अळीला विषाची सवय झाली, असं कृषी सेवा केंद्रवाला सांगतो, ते खरं नाही. मरणाऱ्याला सवय लागत नसते. मेल्या त्या गेल्या. तगल्या त्यांचेच पतंग आपसात जुगले आणि पुढची पिलावळ तगणाऱ्यांचीच झाली. डार्विन याला नैसर्गिक निवड म्हणतो. त्यात या अळीचं सगळं आयुष्य कापसावर, आणि आपण डिसेंबर उलटल्यावरही पऱ्हाटी न उपटता, एक पाणी देऊन तेच पीक पुढे चालवलं, म्हणजे फरदड ठेवली. तिची उपासमार व्हायचे दिवसही आपणच भरून काढले.

आणखी एक. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकीची पुडी यायची. ती रानाच्या कडेनं लावायची होती. तिथे साध्या, विषाला बळी पडणाऱ्या अळ्या वाढाव्यात, त्यांचे पतंग तगलेल्यांशी जुगावेत आणि तगण्याचा गुण पातळ होत राहावा, हा हिशेब. म्हणजे नियम करणाऱ्यांनी उत्क्रांती गृहीत धरूनच ती पुडी घातली होती. माझ्या भावाच्या घरी त्या पुड्या ज्वारीच्या कणगीमागे पडून असायच्या. तुमच्याकडे?

पुढच्या पत्रात तुम्ही लिहाल, अळीची अळीच राहिली, वाघ नाही झाली. बरोबर. पंधरा वर्षांत एवढंच होतं. माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा फुटून साठ-सत्तर लाख वर्षं झाली असा अंदाज आहे. आणि माकड आपला आजा नव्हे, फार तर चुलत घराणं. त्या घराण्याचा पुरावा तुमच्या पेशीतच आहे. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्यात २३. पूर्वज एकच, तर एक जोडी गेली कुठे? आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र तपासलं तेव्हा उत्तर मिळालं. गुणसूत्राच्या टोकांवर जी खास रचना असते, ती याच्या पोटात सापडली. दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जुळलेली.

आता महाराजांचं. डार्विनचं पुस्तक आलं १८५९ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डला त्याच्या विरोधात भर सभेत उभा राहिला तो इंग्लंडचाच एक बिशप, विल्बरफोर्स. धर्म बुडतो ही ओरड आधी तिकडेच झाली. सप्त्यात हेही सांगायला हवं होतं.

मॅम, मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम म्हणजे उत्क्रांतीच ना? आपल्या ऋषींना डार्विनच्या आधीच माहीत होतं, असं मी वक्तृत्व स्पर्धेत बोलणार आहे. — बारावीची विद्यार्थिनी, अंबाजोगाई

बोलू नकोस बाळ, परीक्षक जीवशास्त्राचा निघाला तर पंचाईत. हे साम्य तुझ्या आधी अनेकांना दिसलं. पुढे भारताचे नागरिक झालेले शास्त्रज्ञ हॉल्डेन यांनीही त्याकडे लक्ष वेधलं होतं. साम्य गमतीचं आहेच. पण दशावताराच्या कथेत कासव माशाच्या पोटी येत नाही. दर वेळी तोच विष्णू नवं रूप घेतो, तेही ठरवून, धर्मरक्षणासाठी. उत्क्रांतीत कुणी काही ठरवत नाही. आणि वामनानंतर? परशुराम, राम, कृष्ण, आणि नवव्या जागी कुठे बुद्ध, कुठे आपला विठोबा. यात कुठला प्राणी कशात बदलला? सोयीचे पाच घ्यायचे आणि उरलेले पाच झाकायचे, याला पुरावा म्हणत नाहीत.

मला याहून दुसरी गोष्ट खुपते. विठोबाला डार्विनच्या सहीची गरज कधीपासून पडली? जनाबाईनं त्याला दळायला, शेण्या वेचायला बोलावलं, प्रयोगशाळेत नाही. त्यापेक्षा २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग का काढला, यावर बोल. बक्षिसाची खात्री देत नाही.

तुम्ही स्वतः देव मानता का? हो की नाही, एका शब्दात. — एक वाचक, जालना

हो. आणि तुमच्या पुढच्या पत्राचं उत्तर: नाही, त्यामुळे वर्गात उत्क्रांती शिकवताना कधी अडचण आली नाही.

माझ्या सासूबाई म्हणतात, किल्लारीला भूकंप झाला तो देवाचा कोप. पोरगा म्हणतो, आता एआय भूकंप आधीच सांगणार. कुणाचं ऐकू? — एक गृहिणी, औसा तालुका

ताई, दोघांचंही नको. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. लोक गणपती बोळवून येऊन नुकते झोपलेले. बाप्पाला निरोप देऊन आलेल्या माणसांवर देव त्याच रात्री कोपला, हे मला तरी देवाला शोभणारं वाटत नाही. धक्का साधारण ६.२ तीव्रतेचा. जगात याहून मोठे धक्के दर वर्षी होतात आणि कित्येक ठिकाणी एवढी माणसं जात नाहीत. आपल्याकडे गेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींमुळे आणि वरच्या माळवदामुळे. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून दर साली माती टाकून जड केलेलं छत झोपलेल्यांवर आलं.

पोराला सांगा, भूकंपाची तारीख-वेळ भरवशानं सांगणारं यंत्र अजून झालेलं नाही. जपानसारख्या देशात मोबाइल वाजतो तो धक्का सुरू झाल्यावर, पुढच्या गावापर्यंत लाट पोचण्याआधीचे काही सेकंद. घर बांधताय का? मग मिस्तरीला भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा घ्यायला लावा. तो पैसे वाचवायचे म्हणून टाळायला बघेल, ऐकू नका.

नातवानं मोबाइलवर एआयला इचारलं, देव हाय का. त्यानं असं गोड उत्तर दिलं की कीर्तनकारानं मान खाली घालावी. याला ज्ञान झालं म्हणायचं का? — एक माळकरी आजोबा, गंगाखेड

आजोबा, राम राम. ते यंत्र माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर पचवून, या शब्दानंतर कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत बोलतं. गोडवा आपल्याच संतांचा आणि कीर्तनकारांचा. नातवाला सांगा, नव्यानं विचार, म्हणावं मी पक्का नास्तिक आहे, माझी बाजू मांडून दे. तेवढ्याच गोडव्यानं देईल.

मी त्याला तुमच्या गावच्या जनाबाईचा, जात्यावरचा अभंग मागितला. लगेच आला. जातं होतं, दळण होतं, विठोबा होता, शेवटी ‘म्हणे नामयाची जनी’ ही मुद्राही चोख. गाथा काढून पहिल्या चरणाची सूची पाहिली, नाही. जात्याचे सगळे अभंग वाचले, नाही. त्याला विचारलं तर म्हणालं, क्षमस्व, हा दुसरा घ्या. दुसराही गाथेत नव्हता. खोटं बोलावं असा त्याचा हेतू नाही, कारण हेतू असायला आत कुणी असल्याची खूण मला दिसली नाही. पण सप्त्याच्या पत्रिकेवर, भिंतीवर, व्हॉट्सअॅपवर असे अभंग जनाबाईच्या नावानं फिरायला लागलेत, आणि आणखी पन्नास वर्षांनी खरे कोणते हे सांगायला तुमच्यासारखे पाठ असलेले लोक नसतील.

म्हणून एक काम सांगते. नातवानं मोबाइलवर काढलेला प्रत्येक अभंग तुमच्या घरच्या गाथेशी ताडून बघा. जो सापडणार नाही तो उतरवून मला पाठवा, पुढच्या अंकात ‘हे जनाबाईचे नव्हेत’ म्हणून छापू.