वाचकांचे प्रश्न : रामनदीचं पाणलोट, माथ्यापासून मुळेपर्यंत

मुळशी तालुक्यात खाटपेवाडीच्या डोंगरात उगम पावणारी रामनदी भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर करत औंधजवळ मुळेला मिळते. लांबी जेमतेम १८-१९ किलोमीटर. वरची गावं ग्रामपंचायतीची, खालचा भाग पुणे महापालिकेचा, त्यामुळे वरच्याला खालच्याची खबर नसते. या वेळची पत्रं या पट्ट्यातलीच आहेत.

प्रश्न : भुकूमला आमची डोंगरउताराची पडीक जमीन आहे. सलग समतल चर (पावसाचं पाणी अडवायला उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर) खणायचे आहेत. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी खणले, ते पहिल्याच पावसात फुटले. काय चुकलं असेल?

बहुधा पातळी चुकली. चर नावाप्रमाणे समतल हवा. एका टोकाला वीतभर जरी उतार राहिला तरी सगळं पाणी तिकडे धावतं आणि भराव फोडून ओघळ पाडतं. जेसीबीवाला नजरेने आखतो तिथे हे हमखास होतं.

आखणी ए-फ्रेमने करा. दोन सारख्या काठ्या वर बांधा, मध्ये आडवी पट्टी ठोका, शेंड्यावरून ओळंबा सोडा. दोन पायांच्या जागी खुणा करून दोरी पट्टीवर जिथे येते तिथे रेघ मारा. मग पायांची अदलाबदल करून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघांच्या बरोबर मध्ये दोरी आली की पाय समपातळीत. असं पाऊल-पाऊल पुढे सरकत फक्कीने रेषा ओढा. ती वळणावळणाची येईल, येऊ द्या. दिसायला बरी म्हणून सरळ केलीत की शेजाऱ्यांचीच गत.

माप नेहमीचं : ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल. म्हणजे एका मीटरला १८० लिटर पाणी मावतं. दोन चरांत १० मीटर अंतर ठेवलंत तर वरच्या पट्ट्यावरून वाहून येणारं १८ मिलिमीटर पाणी एका वेळी अडतं. मुळशीतला जोराचा पाऊस याला पुरून उरतो, म्हणून जादा पाणी कुठून बाहेर पडणार हे आधीच ठरवा. दर १०-१२ मीटरवर अर्धा मीटर जमीन न खणता सोडा, म्हणजे एक तुकडा फुटला तरी अख्खी ओळ जात नाही. माती खालच्या अंगाला टाका, काठापासून वीतभर जागा सोडून, आणि त्या भरावावर पवन्या किंवा मारवेल गवत लावा. उघडा भराव पुढच्या वर्षी गाळ बनून खालच्या चरात बसतो. दसऱ्यानंतर गाळ काढायला विसरू नका.

ओघळीत चर खणू नका. तिथे अनघड दगडी बांध घाला. पाया ३० सेंमी, मोठे दगड बाहेरून, मध्यभाग दोन्ही बाजूंपेक्षा वीतभर खाली. नाहीतर पाणी बांधाला वळसा घालून काठ खातं. खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पायथा एका पातळीत आला की अंतर बरोबर. १०० मीटरला ५ मीटर उतार असेल तर एक मीटर उंचीचे बांध २० मीटरवर येतात. काम माथ्यापासून सुरू करा. पायथ्याचा बंधारा आधी बांधलात तर तो पहिल्या दोन पावसाळ्यांतच गाळाने भरतो.

प्रश्न : ग्रामपंचायतीने ओढ्याचं खोलीकरण करायचं ठरवलंय. पाणी वाढेल का?

साचलेला गाळ काढा, जरूर काढा. पण त्याखालचा मुरूम आणि मांजऱ्या (झिजलेला, पाणी धरणारा) खडक फोडू नका. आपल्याकडे उथळ विहिरींचं पाणी याच थरात असतं. तळ त्याच्याखाली गेला की आजूबाजूच्या विहिरीतलं पाणी ओढ्याकडे पाझरतं. ओढा चार महिने जास्त वाहतो आणि फेब्रुवारीत विहिरी तळ दाखवतात. पहार सहज घुसते तिथवरच खणा.

प्रश्न : बावधनच्या आमच्या सोसायटीत ६०० चौरस मीटर गच्ची आहे. पाणी थेट बोअरमध्ये सोडावं का?

थेट नको. आधी बोअर पाणी घेतो का ते पाहा. दोरीला वजन बांधून पातळी मोजा, ५,००० लिटरचा स्वच्छ पाण्याचा टँकर रिकामा करा आणि दर १० मिनिटांनी पुन्हा मोजा. तासाभरानंतरही पाणी तोंडाशीच असेल तर खाली निव्वळ काळा पाषाण आहे. त्यापेक्षा आवारातली जुनी विहीर असेल तर ती भरा.

घेत असेल तर हिशेब असा : २५ मिलिमीटरच्या सरीत तुमच्या गच्चीवरून, घट वजा जाता, सुमारे १२,५०० लिटर येतं. पहिल्या दोन मिलिमीटरचं, म्हणजे १,२०० लिटर, धूळ-विष्ठा घेऊन येणारं पाणी बाजूला काढायची सोय हवी. गाळणीत तळाला ४० मिमी खडी, वर २० मिमी खडी, मग नायलॉन जाळी आणि सर्वांत वर जाड वाळू. अनेक ठिकाणी हा क्रम उलटा सापडतो. एक चौरस मीटर वाळूतून तासाला चार-पाच हजार लिटरपेक्षा जास्त अपेक्षा धरू नका, आणि उरलेल्या पाण्याला बाहेरची वाट ठेवा. मृगाआधी वरची बोटभर वाळू खरवडून बदला. पार्किंगचं पाणी यात अजिबात नको. ऑइल एकदा खडकात गेलं की ते उपसून काढता येत नाही.

प्रश्न : पाषाण तलावातली जलपर्णी दरवर्षी काढतात आणि ती पुन्हा येते. आमचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) तर चालू आहे!

जलपर्णी सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जगते आणि पोषक हवेत दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. काढून काठावरच ढीग घातला तर सर आली की परत पाण्यात.

आता तुमचा एसटीपी. ‘चालू’ म्हणजे काय, ते बाटलीत पाहा. हवा मिसळायच्या टाकीतलं पाणी एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत भरून अर्धा तास न हलवता ठेवा. तळाला २५० ते ४०० मिली तपकिरी साका आणि वर नितळ पाणी असेल तर ठीक. साका ५० मिलीच असेल तर जिवाणूच नाहीत. काळा आणि कुजका वास असेल तर हवा कमी पडतेय, म्हणजे बहुधा वीजबिल वाचवायला ब्लोअर (हवा सोडणारं यंत्र) रात्री बंद ठेवतात. त्याला वेगळा मीटर लावा, आकडे खोटं बोलत नाहीत. साका वरपर्यंत चढला असेल तर जुना साका काढलेला नाही. प्लास्टिकच्या चकत्यांवर जिवाणू वाढवणाऱ्या एमबीबीआर पद्धतीला ही चाचणी लागू नाही.

चांगला एसटीपीसुद्धा नत्र-स्फुरद पूर्ण काढत नाही. म्हणून ते पाणी फ्लशला आणि बागेला वापरा, ओढ्यात सोडू नका.

प्रश्न : भूगावात नदीलगत प्लॉट घेतोय. निळी रेषा कुठे पाहायची?

निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये बंधनं. जलसंपदा विभागाकडे गट नंबर देऊन लेखी मागा. लहान ओढ्यांची आखणी बऱ्याचदा झालेलीच नसते, तेव्हा भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा काढा. त्यावर नाला दाखवलेला असेल आणि जागेवर सपाट भराव दिसत असेल, तर इसार देऊ नका.