वाचकांचे प्रश्न : परीक्षा सोपी, दिवसांचा हिशोब अवघड

प्रश्न : आईचं वय ७१. ग्रीन कार्ड मिळून १६ वर्षं झाली. निम्मं वर्ष ती भावाकडे न्यू जर्सीत, निम्मं इथे असते. इंग्रजी जेमतेम. अमेरिकेचं नागरिकत्व हवं तर या वयात परीक्षा, हे न्याय्य आहे का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : इंग्रजीची धास्ती सोडा. वय ५५च्या पुढे आणि ग्रीन कार्डवर १५ वर्षं झाली असली, की इंग्रजीतून माफी मिळते. इतिहास-राज्यकारभाराचे प्रश्न दुभाष्या घेऊन मराठीत देता येतात. २० ऑक्टोबर २०२५पासूनच्या अर्जांना १२८ प्रश्नांचा संच आहे. तोंडी २० विचारतात, १२ बरोबर आले की पास. अथर्वशीर्ष पाठ असलेल्या बाईंना हे जड नाही. आणखी चार वर्षं थांबल्या, तर ६५ वर्षं वय आणि २० वर्षं ग्रीन कार्ड या सवलतीत नेमून दिलेल्या २० प्रश्नांतलेच १० येतात, त्यातले ६ पुरतात.

पाय अडकतो तो 'निम्मं-निम्मं'मध्ये. अर्जाआधीच्या पाच वर्षांत किमान ३० महिने प्रत्यक्ष तिथे राहिलेलं लागतं, म्हणजे आई अगदी काठावर आहेत. शिवाय एकाच फेरीत सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिल्या, तर सलग वास्तव्य तुटलं असं धरतात. तुटलं नाही, हे टॅक्स रिटर्न वगैरे दाखवून आपण पटवायचं. वर्षभर बाहेर राहिल्या तर तुटलंच. दिवाळीला यायचं आणि आंबे खाऊन जायचं, हा बेत इथेच फसतो. परतीचं तिकीट चैत्रातलं काढा. वयाला इंग्रजीत सूट आहे, दिवसांत नाही. आम्हाला खटकतं ते हे, परीक्षा नव्हे.

नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट परत करायचा. इथलं मतदान संपतं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर नवी शेतजमीन घेता येत नाही.

प्रश्न : पत्नी इंडोनेशियाची, लग्नाला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून इथेच राहतो. भारतीय नागरिकत्वाचा अर्ज भरणार तोच तिची आई आजारी पडली, ती ४० दिवस जाऊन आली. आता काय? ठाण्याला जायचं ना?
– एक वाचक, खारघर

उत्तर : ठाण्याला नाही. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे रायगडात. अर्ज ऑनलाइन भरायचा, पण तुमचे जिल्हाधिकारी अलिबागला.

नागरिकत्व कायदा, १९५५च्या कलम ५प्रमाणे भारतीयाच्या जोडीदाराला सात वर्षांचं वास्तव्य लागतं. त्याचे दोन तुकडे आहेत : अर्जाआधीचे १२ महिने अखंड, आणि त्यामागच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षं. पहिल्या तुकड्यात केंद्र सरकार विशेष परिस्थितीत फार तर ३० दिवस माफ करतं, तेही तुकड्या-तुकड्यांनी झाले तरी चालतात. ४० बसत नाहीत. मागची वर्षं मात्र वाया जात नाहीत. 'सात वर्षं पुन्हा शून्यापासून' हा लोकांचा गैरसमज आहे. त्या परत आल्याच्या तारखेपासून १२ महिने भरू द्या, मग अर्ज करा. पासपोर्टवरचा प्रत्येक शिक्का तारखेनिशी वहीत उतरवून ठेवा.

नऊ वर्षं संसार केलेल्या बाईने आजारी आईजवळ ३० दिवस बसावं, ४० नाही, ही अट आम्हाला कोती वाटते. गंमत म्हणजे या मार्गात भाषेची अटच नाही. ती कलम ६च्या, म्हणजे लग्नाचा आधार नसलेल्या परदेशी माणसाला : राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा, मराठीही चालते.

एक सांभाळा. भारताकडून मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत इंडोनेशियाचं नागरिकत्व सोडू नका. आधी सोडलं आणि इथे अर्ज अडकला, तर त्या कुठल्याच देशाच्या राहणार नाहीत.