घरच्या हॉट टबमध्ये संगीत आणि टीव्ही बसवून घ्यावेत का?

आपण घरासाठी हॉट टब निवडला आहे. विक्रेता त्याच टबाचा महाग प्रकार सुचवतो आहे, ज्यात काठावर स्पीकर आहेत आणि बटण दाबल्यावर वर येणारा छोटा टीव्ही आहे. तो घ्यावा, की साधा टब घेऊन ही साधने नंतर वेगळी बसवावीत, असा आपला प्रश्न आहे. घरगुती टबांची विद्युत जोडणी आणि दुरुस्ती हे माझे काम असल्यामुळे ही साधने नवी असताना कशी दिसतात यापेक्षा काही वर्षांनी उघडल्यावर कशी निघतात, हे मी अधिक पाहिले आहे. त्यावरून माझे मत असे आहे की संगीत जरूर असावे, पण ते टबाच्या अंगात बसवलेले नसावे. टीव्हीचा निर्णय मात्र टब कोण वापरणार आणि एका वेळी किती वेळ बसणार, हे ठरवल्याशिवाय घेऊ नये.

टबाचे झाकण दिवसाचा बहुतेक वेळ बंद असते. त्याखाली कोंडलेल्या दमट हवेत पाणी निर्जंतुक करण्यासाठी वापरलेल्या क्लोरीनचा किंवा ब्रोमीनचा अंश असतो आणि काठावरचा स्पीकर त्या हवेत रात्रंदिवस मुक्कामाला असतो. बिघडलेला स्पीकर उघडला की त्याचा पडदा बहुधा शाबूत सापडतो. हिरवट थर चढलेला असतो तो तारांच्या जोडावर, आणि जाळीचे स्क्रू गंजून जागेवरच घट्ट बसलेले असतात. विक्रेते अशा वेळी ‘आयपीएक्स७’ या मानांकनाकडे बोट दाखवतात. त्या मानांकनाचा अर्थ इतकाच की ते उपकरण १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे राहिले तरी अपाय होईल इतके पाणी आत शिरत नाही. ही चाचणी साध्या पाण्यात होते. वर्षानुवर्षे गरम, रसायनयुक्त वाफेत राहण्याबद्दल ती काहीच सांगत नाही. त्यातून ज्या टबांचे कवच आणि बाहेरचे आवरण यांमधली पोकळी उष्णतारोधक फोमने पूर्ण भरलेली असते, तिथे स्पीकरची एक तार बदलण्यासाठी तो फोम खरवडून काढावा लागतो.

दुसरा मुद्दा आयुर्मानाचा आहे. नीट निगा राखलेला टब १० ते १५ वर्षे सहज चालतो, पण मनोरंजनाची साधने इतका काळ कालसुसंगत राहत नाहीत. एके काळी अनेक टबांमध्ये आयपॉड ठेवण्याची खाच असे. २०१२ मध्ये ॲपलने ३० पिनांची जुनी जोडणी बदलली आणि टब ठणठणीत असतानाही ती खाच निरुपयोगी झाली. आजचा अंगभूत टीव्ही उद्या त्याच रांगेत बसेल, असे मला वाटते.

याला एक अपवाद मी मान्य करतो. काही टबांत कवचाच्या मागच्या बाजूला कंपन निर्माण करणारे ट्रान्सड्युसर चिकटवलेले असतात आणि कवचच स्पीकरच्या पडद्यासारखे काम करते. त्यांना आतल्या बाजूला उघडे तोंड नसल्यामुळे वाफेचा त्रास होत नाही. तबल्याचा किंवा बेसचा ठेका पाठीला जाणवतो, पण वरच्या पट्टीतले सूर दबलेले वाटतात आणि जेट, म्हणजे टबातले पाण्याचे जोरदार झोत, सुरू केले की शब्द कळेनासे होतात. आवडीचा प्रश्न आहे. मला स्वतःला ते गाणे ऐकण्यापेक्षा मालिश करून घेण्याच्या जवळचे वाटते.

जेटचा आवाज ही खरी अडचण आहे, कारण टबात बसल्यावर कान पाण्यापासून जेमतेम वीतभर वर असतात. लांबच्या मोठ्या स्पीकरचा आवाज वाढवत नेला, तर टबातल्या माणसाआधी शेजाऱ्यांना गाणे पाठ होते. त्याऐवजी बॅटरीवर चालणारे दोन छोटे जलरोधक स्पीकर डोक्याच्या उंचीवर, जवळ आणि हळू आवाजात ठेवावेत. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात आणि शरीरात चटकन शोषल्या जातात, म्हणून फोन कोरड्या फळीवर, स्पीकरच्या थेट नजरेत असावा. तिथे तो चार्जिंगला मात्र कधीही लावू नये.

टीव्हीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. टबातल्या जागा एकमेकांकडे तोंड करून असतात, त्यामुळे एका बाजूचा पडदा एक-दोघांनाच सरळ दिसतो आणि बाकीच्यांना मान वळवून बसावे लागते. आडवे होऊन बसण्याच्या जागेवर डोळे काठाच्या थोडेच वर असतात, म्हणून दिवाणखान्याच्या सवयीने उंचावर टांगलेला पडदा लवकरच मान अवघडवतो. शिवाय विजेचे अंतर पाळावेच लागते. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या जलतरण तलावांसाठीच्या मानकात काठापासून २ मीटरपर्यंतचा पट्टा विशेष धोक्याचा धरला आहे आणि त्यापुढचा दीड मीटरही निर्बंधांखाली येतो. देशोदेशी आकडे बदलतात, पण टबातून हात पोहोचेल अशा ठिकाणी घरगुती विद्युत दाबावर (व्होल्टेजवर) चालणारा टीव्ही, सॉकेट किंवा एक्स्टेन्शन बोर्ड असता कामा नये, यात कुठेही सूट नाही. अंगभूत टीव्ही कमी दाबावर चालतात म्हणून चालून जातात, पण त्यांचा पडदा लहान असतो. वेगळा टीव्ही नियमाप्रमाणे लांब लावला, तर पलीकडच्या काठावर बसलेल्या माणसापासून तो सुमारे ४ मीटरवर जातो आणि मग मोठाच पडदा लागतो. टब उघड्यावर असेल तर घरातल्या साध्या टीव्हीचा प्रकाश दिवसा पुरत नाही, आणि थंड रात्री टबातून उठणारी वाफ चित्राच्या आड येते.

मला सर्वांत जास्त काळजी वेळेची वाटते. टबाच्या पाण्याचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नये आणि त्या तापमानाला निरोगी प्रौढाने साधारण १५ ते २० मिनिटे बसावे, असे सांगितले जाते. सामना किंवा चित्रपट काही २० मिनिटांत संपत नाही. गरम पाण्यात रक्तवाहिन्या फैलावून रक्तदाब उतरतो, हे बसलेल्या माणसाला कळत नाही. उठताना चक्कर येते तेव्हा कळते. गर्भवती, हृदयविकार असलेले आणि लहान मुले यांच्यासाठी हा धोका अधिक आहे, आणि मद्य घेतलेल्या माणसासाठीही. ज्यांना खरोखरच दीर्घ वेळ पाहत बसायचे आहे, त्यांनी पाणी ३६ अंशांच्या आसपास ठेवावे, पण ते आयत्या वेळी जमत नाही. १,४०० लिटर पाणी ३ किलोवॅटच्या हीटरने एक अंश तापवायला अर्ध्या तासाहून अधिक लागतो, आणि झाकलेला टब थंड व्हायला त्याहून कितीतरी जास्त वेळ घेतो.

म्हणून आपण साधा टब घ्यावा आणि चौथरा बांधतानाच भिंतीपर्यंत दोन रिकामे पाइप टाकून घ्यावेत, एक विजेसाठी आणि दुसरा संदेशवाहक तारांसाठी. काही महिने हातातल्या स्पीकरवर काढल्यावर टीव्हीची उणीव खरोखर भासली, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीच्या (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचच्या) संरक्षणाखाली तो बसवता येईल. त्यातूनही अंगभूत संच घ्यायचाच असेल, तर संगीत आणि टीव्ही यांची हमी टबाच्या हमीपेक्षा किती कमी आहे आणि स्पीकर फोम न खोदता बाहेरून बदलता येतो का, ही दोन उत्तरे विक्रेत्याकडून लेखी घ्यावीत.