जलप्रलयाचं गणित उष्णतेपासून सुरू कर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. नोहाच्या काळातला जलप्रलय बायबलमध्ये लिहिलाय तसाच, शब्दशः घडू शकला असता का, असं तू विचारलंस. असं विचारल्याने कुणाच्या श्रद्धेचा अपमान तर होत नाही ना, ही धाकधूकही पत्रात दिसली. होत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात ४० दिवस आणि ४० रात्री पाऊस आहे, उंचातले उंच डोंगर बुडून पाणी त्यांच्याही वर १५ हात चढलेलं आहे. जो मजकूर इतके नेमके आकडे देतो, त्याचे आकडे तपासणं म्हणजे त्याला गांभीर्याने घेणंच आहे.

बहुतेक जण "एवढं पाणी आलं कुठून?" इथे सुरुवात करतात. प्रश्न रास्त आहे. पृथ्वीचा पृष्ठभाग सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर उंच. ते बुडवायला साधारण ४.५ अब्ज घन किलोमीटर जादा पाणी लागेल, आणि आजचे सगळे महासागर मिळून सुमारे १.३ अब्जच भरतात. हवेतलं सगळं बाष्प एकदम कोसळलं तरी जमिनीवर जेमतेम २५ मिलिमीटर पाणी साचेल.

पण माझ्या मते खरी अडचण त्याच्या पुढची आहे, आणि ती फार कमी लोक मांडतात. समज, तेवढं पाणी मिळालं. ते पाऊस होऊन पडायचं तर आधी बाष्प असायला हवं. घाम वाळताना अंगाची उष्णता घेऊन जातो. बाष्पाचं पाणी होताना तीच देवघेव उलटी होते आणि दर किलोमागे सुमारे २४ लाख जूल (जूल हे ऊर्जेचं एकक) उष्णता बाहेर पडते. आता मांड गणित. दर चौरस मीटरवर जवळजवळ ८८ लाख किलो पाणी, तेही ४० दिवसांत. म्हणजे सूर्याकडून वातावरणाच्या माथ्यावर, थेट सूर्यासमोरच्या तेवढ्याच जागेवर, जेवढी ऊर्जा येते तिच्या चार हजार पटींहून अधिक ऊर्जा, चाळीस दिवस अखंड. नोहाचं तारू, म्हणजे त्याची मोठी नाव, तरंगायच्या आधीच समुद्र उकळला असता. शिवाय तेवढं बाष्प आधी आकाशात होतं असं मानलं, तर त्याच्या नुसत्या वजनाने जमिनीवरचा दाब आजच्या जवळजवळ ९०० पट होतो. त्यात कुणी श्वास घेणार नाही.

यावर तुला दोन उत्तरं ऐकायला मिळतील. पहिलं, पाणी जमिनीखालून आलं. पृथ्वीच्या पोटात पाणी आहे हे खरं, पण शेकडो किलोमीटर खोलवर ते खनिजांच्या स्फटिकांत बांधलेलं आहे, आणि तिथून सुटलंच तर भाजून काढणारी वाफ होऊनच वर येईल. दुसरं उत्तर जास्त विचार करून दिलेलं असतं: तेव्हा डोंगर बुटके होते, प्रलयानंतर उंच झाले. भूपृष्ठ अगदी सपाट असतं तर आजचे समुद्रही ते अडीच किलोमीटरहून खोल झाकू शकले असते, एवढं मान्य कर. पण मग हिमालय वर्षभरात उभा करायचा तर तो दिवसाला वीसेक मीटर उचलावा लागतो. आज तो वर्षाला काही मिलिमीटर उचलला जातो. खडक इतक्या घाईने सरकले, तर घर्षणातून पुन्हा प्रचंड उष्णताच बाहेर पडते. अडचण सुटत नाही, फक्त जागा बदलते.

पुरावा बघायचा तर बर्फाकडे बघ. बर्फ पाण्यावर तरंगतो. जग बुडालं असतं तर ग्रीनलंडचं हिमावरण उचकटून तुकडे झालं असतं. तिथे हजारो वर्षांचे वार्षिक थर एकावर एक शाबूत आहेत. सतराव्या शतकातले आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांनी बायबलवरून हिशोब करून प्रलयाचं वर्ष इ. स. पू. २३४८ काढलं होतं. गिझाचा मोठा पिरॅमिड त्याच्या आधीचा आहे, आणि इजिप्तचा कारभार त्या वर्षानंतरही चालूच आहे.

कुणी "तो चमत्कार होता" म्हणालं, तर वाद घालू नकोस. ती प्रामाणिक भूमिका आहे. मात्र पाणी चमत्काराने आलं, उष्णता चमत्काराने गेली, बर्फही चमत्काराने टिकला, एवढं सगळं मानल्यावर "विज्ञानानेही हे सिद्ध होतं" असं म्हणता येत नाही. सोयीपुरतं विज्ञान घ्यायचं हे मला पटत नाही, आणि तुलाही पटू नये.

कथा मात्र टाकून देऊ नकोस. १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी ब्रिटिश म्युझियममधल्या मातीच्या पाटीवर प्राचीन इराकमधल्या गिल्गमेशच्या काव्यातला प्रलय वाचला: नाव, डोंगरावर टेकणं, सोडलेले पक्षी, सारं नोहाच्या गोष्टीशी जुळणारं. त्या काव्यातल्या प्रलयकथेचा नायक शुरुप्पक या शहराचा, आणि शुरुप्पकच्या उत्खननात इ. स. पू. २९०० च्या सुमारास आलेल्या पुराचा गाळ सापडला आहे. तिथल्याच उर या शहरातही पुराचा जाड थर मिळाला, पण तो वेगळ्या, त्याहून जुन्या काळातला. म्हणजे पूर एक नव्हता, अनेक होते. तैग्रिस-युफ्रेटिसच्या सपाट खोऱ्यात नदी काही मीटर चढली तरी नजर पोचेल तिथवर पाणीच दिसतं. तिथल्या माणसाने सगळं जग बुडालं असं सांगितलं, तर त्याच्यापुरतं ते खोटं नव्हतं.

आता एक काम तुझ्याकडे. सर्वांत उंच डोंगर फक्त ५०० मीटरचा धर, सगळं पाणी पावसातूनच आलं असं मान, आणि उष्णतेचं गणित पुन्हा कर. उत्तर सूर्याच्या किती पट येतं ते पुढच्या पत्रात कळव; पायऱ्यांसकट लिही, म्हणजे मला तपासता येईल.

तुझा,
एक शिक्षक