काही सिनेमे इतके वाईट असतात की बघायला मजा येते, असं का होतं? असे कुठले सिनेमे बघावेत?

तुम्ही लिहिलंय की हॉस्टेलवर सगळे 'गुंडा' हा हिंदी सिनेमा लावून हसून गडाबडा लोळत होते, तुम्हाला काहीच कळेना आणि मग कोणीतरी समजावलं की "अरे, हे इरॉनिकली बघायचं असतं", म्हणजे सिनेमा खरा न मानता, लांबून त्याची गंमत करत. या इरॉनिकली शब्दाशी माझं जुनं वैर आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

मजा का येते ते पटकन सांगून टाकतो. करणाऱ्याने जीव तोडून केलेलं असलं पाहिजे आणि ते साफ फसलेलं असलं पाहिजे, एवढंच. कंटाळत केलेला वाईट सिनेमा नुसता वाईट असतो. मुद्दाम वाईट केलेला तर त्याहून वाईट, ते वावटळीतून शार्क पडणारं इंग्रजी 'शार्कनेडो' वगैरे मला अर्धा तास पण झेपलं नाही, आपणच आपल्या जोकवर हसणाऱ्या पाहुण्यासारखं वाटतं. याउलट 'जानी दुश्मन' (2002 चा, राजकुमार कोहलींचा) बघा, स्टार मंडळी खंडीभर, चाळिशीचा सुनील शेट्टी कॉलेजकुमार, दिग्दर्शकाचा मुलगा इच्छाधारी नाग, आणि यातलं कोणीही गंमत म्हणून काम करत नाहीये. पैसे कमी पडले म्हणून सिनेमा असा होतो हे काही खरं नाही.

आता मूळ मुद्दा.

माझा मामा वाईजवळच्या एका गावात 'व्हिडिओ' चालवायचा. साल 86-87 असेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक खोली, खिडक्यांना गोणपाट, खाली ताडपत्री, समोर टेबलावर भाड्याने आणलेला कलर टीव्ही आणि व्हीसीआर. तिकीट 2 रुपये. चित्राला मुंग्या आल्या की मामा कॅसेट काढायचा आणि कोऱ्या नोटेने हेड पुसायचा, तोवर पब्लिक शिट्ट्या मारायचं. तिथे सगळ्यात जास्त चाललेली कॅसेट म्हणजे 'पुराना मंदिर', भुताखेतांचे सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंचा, 1984 चा. मी सात वर्षांचा असताना तो तिथेच पाहिला आणि पुढे वर्षभर रात्री एकटा परसाकडे गेलो नाही. गोष्ट थोडक्यात अशी की सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं उडवून एका पेटीत बंद केलेलं असतं आणि धड दुसरीकडे पुरलेलं, आणि ते मुंडकं परत धडावर बसणार हे पहिल्या रिळापासून शेंबड्या पोराला पण कळतं. सामरी झालेला अनिरुद्ध अग्रवाल रुरकीचा सिव्हिल इंजिनिअर बरं का. मामाला हे मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग पेटीचं कुलूप तरी नीट बघायचं होतं त्याने."

तर 2012 ची गोष्ट. कोथरूडला माझा फ्लॅट, मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी येऊन राहिलेला. शनिवारी चार मित्र आले, भेळ आणली, बिअर स्टीलच्या पेल्यात ओतली (मामाला वास येत नाही अशी आमची समजूत) आणि 'पुराना मंदिर' लावला. मामाला डॉक्टरांनी टीव्ही बघू नका सांगितलेलं. तो हिरवी पट्टी आणि वर काळा गॉगल लावून, भिंतीकडे तोंड करून, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला.

आमच्यातला एक फिल्म क्लबवाला. चांगला माणूस आहे, अडीनडीला धावून येतो, पण सिनेमा बघताना रिमोट त्याच्या हातात देऊ नये. दर पाच मिनिटांनी पॉज. एकदा पॉज करून सांगायला लागला की ही मजा फक्त आपल्याला येते, कारण आपल्याकडे डिस्टन्स आहे. बनवणाऱ्याने हे सिरियसली बनवलं, त्या वेळच्या गावाकडच्या पब्लिकने सिरियसली बघितलं, आणि आता आपण त्यातला विनोद शोधून काढतोय. मग सुसान सोन्टॅग या अमेरिकन लेखिकेचा 'कॅम्प'वरचा, म्हणजे भडक, फसलेल्या गोष्टींतून मिळणाऱ्या मजेवरचा 1964 चा निबंध आला, अमेरिकेत 'द रूम' नावाच्या वाईट म्हणूनच गाजलेल्या पिक्चरला लोक थिएटरात प्लास्टिकचे चमचे फेकतात ते आलं, म्हणजे ही वाईट सिनेमाला हसायची कला तिकडे निघाली आणि मार्गे कोथरूड आपल्यापर्यंत पोचली असा एकूण सूर.

भिंतीकडून आवाज आला, "कोण म्हणतं सिरियसली बघितलं?"

मित्र म्हणाला, "तसं नाही काका, म्हणजे तेव्हा लोक घाबरायचे ना."

"घाबरायचे. आणि हसायचे. एका वेळी. तुम्हाला एका वेळी एकच येतं का?"

आणि मग मामा सुटला. म्हणाला, आमच्याकडे बाजार समितीतला एक हमाल यायचा, त्याने हा पिक्चर तेरा वेळा पाहिलेला. मध्येच कोणी लघवीला उठलं की तो ओरडायचा, "दार लावून घे रे, मुंडकं बाहेर जाईल!" पेटी उघडायच्या सीनला पुढच्या लाइनीतली पोरं आधीच ओरडायची, "पेटी उघडू नको गं बये!" मामाचा मदतनीस नेमका तेव्हा घोंगडी पांघरून बाहेरून खिडकीचं गोणपाट उचलायचा. निम्मं पब्लिक किंचाळायचं, निम्मं त्याला आईवरून शिव्या द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक आपापल्या मेव्हण्यांना घेऊन परत यायचे, मेव्हणा किंचाळताना बघायला. "सामरीचा मेकअप पापडासारखा सुटलाय हे काय त्यांना दिसत नव्हतं? तिकीट काढून आलेत ते, डोळे घरी ठेवून नाही."

मित्र हट्टाने म्हणाला, "पण काका, ते हसणं वेगळं."

मामा म्हणाला, "वेगळं म्हणजे काय? तुम्हाला दात जास्त आहेत?"

त्यानंतर पॉज झालं नाही. उरलेला सिनेमा मामाने भिंतीकडे बघत आम्हाला दाखवला. आता वीज चमकणार. आता कुत्रं. आता ही खुळी दिवा घेऊन एकटी खाली जाणार. एकदाही चुकला नाही. पंचवीस वर्षांपूर्वी दाखवलेला पिक्चर आणि माणसाच्या डोळ्याला पट्टी. मी आजवर थिएटरात पैसे मोजून जे काही पाहिलंय त्यात इतकी मजा मला क्वचित आली असेल, आणि त्यात आयरनी शून्य होती. फिल्म क्लबवाला सुद्धा हसून हसून ठसका लागेपर्यंत हसला, पण त्याने हरलो असं अजून म्हटलेलं नाही. परवा पण कुठल्यातरी ग्रुपवर त्याने 'अर्बन आयरॉनिक व्ह्यूअरशिप' वर भलंमोठं लिहिलंय. त्याला म्हणावं, अरे, चमचे फेकायच्या कितीतरी आधी आमच्याकडे घोंगड्या होत्या.

म्हणून माझा सल्ला. एकट्याने, लॅपटॉपवर, हेडफोन लावून असले सिनेमे बघू नका, काही मिळणार नाही. पाच-सहा माणसं पाहिजेत आणि त्यातला एक तरी तो आधी पाहिलेला पाहिजे. वरून खाली बघत हसू नका, सामील व्हा. तुम्हाला 'गुंडा'ची मजा आली नाही याचं कारण बहुतेक हेच असेल, बाकीच्यांना तो पाठ होता आणि तुम्ही त्यात गोष्ट शोधत होता. कांती शहांच्या त्या 1998 च्या पिक्चरमध्ये गोष्ट शोधायची नसते, खलनायक एकामागून एक येऊन यमकात आपली ओळख करून देतात ती ऐकायची. मुकेश ऋषी ते काम इतक्या निष्ठेने करतो की मला कीर्तनकार आठवतात. आणि त्या टोळीत आपले मोहन जोशी! माझी आई त्यांची नाटकं बघितलेली, ती नेमकी त्यांच्या यमकाच्या वेळी चहा घेऊन खोलीत आली. त्या टोळीची सगळी यमकं इथे लिहिता येणार नाहीत. आईने ट्रे ठेवला, म्हणाली "मोहन जोशी ना रे हे?" आणि उत्तराची वाट न बघता गेली.

हां, हे खरं तर आधी लिहायला हवं होतं, 'गुंडा'मध्ये बायकांवरच्या अत्याचाराचे सीन आहेत आणि ते मजेचे अजिबात नाहीत, तिथे आम्ही पण गप्पच बसतो किंवा सरळ पुढे ढकलतो. घरच्यांबरोबर लावू नका. आणि सोन्टॅगबाईंनी पण म्हणे हेच लिहिलंय की अस्सल माल तोच जो करणाऱ्याने मनापासून केलेला असतो, म्हणजे बाई माझ्याच बाजूच्या निघाल्या, पण हे मला त्याच मित्राने सांगितलंय त्यामुळे फार ताणत नाही.

सुरुवात 'पुराना मंदिर'पासूनच करा. त्यात जगदीपचा मच्छर सिंग नावाचा डाकू आहे, 'शोले'ची नक्कल, त्याचा मूळ गोष्टीशी काडीचा संबंध नाही. मामा तो सगळा भाग फास्ट फॉरवर्ड करायचा, म्हणजे रात्रीत एक शो जास्त बसायचा. एकदा त्या हमालाने उभं राहून मच्छर सिंगचे आठ आणे परत मागितले. मामाने दिले नाहीत, कॅसेट मागे घेऊन सगळा मच्छर सिंग दाखवला, आणि शेवटचा शो पहाटे तीनला सुटला.